विहिरीच्या पाण्यात युरेनियम येते कुठून?

केंद्रीय भूजल मंडळाचा एखादा अहवाल प्रसिद्ध झाला की ‘पिण्याच्या पाण्यात युरेनियम’ अशा मथळ्याच्या बातम्या येतात. मग पुढचा आठवडाभर, मी भूगर्भशास्त्र शिकवतो एवढ्याच कारणाने, डिचोलीपासून काणकोणपर्यंतची ओळखीची माणसे मला एकच प्रश्न विचारतात: आमच्या विहिरीचे काय? प्रश्न रास्त आहे. गोव्यात युरेनियमची खाण नाही. परंतु घाटापलीकडे बेळगाव जिल्ह्यातील देशनूर परिसरात आणि दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्यातील अरबैल भागात अणुखनिज संचालनालयाने युरेनियमचा शोध घेतलेला आहे, कारवारजवळ कैगा येथे अणुवीज केंद्र आहे, आणि खाणीमुळे गावाच्या पाण्याचे काय होते हे गोमंतकीयांना कोणी वेगळे सांगायला नको.

तरीही या विषयात दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. पाण्यातले युरेनियम मुख्यतः रसायन म्हणून अपाय करते, त्याच्या किरणांचा क्रमांक नंतर लागतो, हे बहुतेकांना माहीत नसते. आणि खाणीजवळच्या विहिरीत मिळालेला आकडा हाती आला तरी खाण सुरू होण्यापूर्वीचा आकडा नसेल तर त्याचा अर्थ लावता येत नाही, याकडे तर जाणकारही दुर्लक्ष करतात. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही महत्त्वाची आहे.

दगडात ते मुळातच असते

युरेनियम हे दुर्मीळ मूलद्रव्य नव्हे. पृथ्वीच्या कवचातील सर्वसाधारण दगडात टनामागे सुमारे 3 ग्रॅम युरेनियम असते. ग्रॅनाइटमध्ये त्याहून थोडे अधिक आणि सह्याद्रीच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, सहसा 1 ग्रॅमहून कमी. 1789 साली मार्टिन क्लापरोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते ओळखले, आणि ते स्वतःहून किरण बाहेर टाकते हे 1896 साली आंरी बेकरेल यांच्या लक्षात आले. त्यांच्याच नावाचे एकक आपल्याला पुढे लागणार आहे: एका सेकंदात एक अणू फुटला की तो एक बेकरेल.

काही अणूंचे केंद्र अस्थिर असते. ते फुटताना किरण किंवा कण बाहेर पडतात आणि मूळ अणूचे रूपांतर दुसऱ्या मूलद्रव्यात होते. यालाच किरणोत्सर्ग म्हणतात. एखाद्या साठ्यातील निम्मे अणू फुटायला जितका काळ लागतो, ते त्याचे अर्धायुष्य. निसर्गातले जवळजवळ सगळे युरेनियम ज्या प्रकारचे असते त्या युरेनियम-238 चे अर्धायुष्य जवळजवळ साडेचार अब्ज वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या वयाएवढेच आहे. त्यामुळे पृथ्वी घडली तेव्हा जितके युरेनियम-238 होते त्यातले निम्मे आजही शिल्लक आहे.

ते फुटल्यावर थेट स्थिर होत नाही. घराण्याच्या वंशावळीप्रमाणे पिढ्यांमागून पिढ्या येतात आणि प्रत्येक पिढीचे आयुष्य निराळे असते. या वंशातील रेडियम-226 चे अर्धायुष्य 1600 वर्षे, त्याच्यापासून होणाऱ्या रेडॉन या वायूचे जेमतेम 3.8 दिवस, त्यानंतर पोलोनियम वगैरे अल्पायुषी मंडळी, आणि शेवटी साधे स्थिर शिसे. पाण्यात ‘किरणोत्सर्ग आढळला’ असे वाचले की या वंशातले नेमके कोण आढळले, हा प्रश्न आधी विचारावा, कारण प्रत्येकाची वागणूक वेगळी आहे.

आपल्या अंगातही किरणोत्सर्ग असतो. पोटॅशियमचा अगदी लहान अंश किरणोत्सर्गी असल्यामुळे प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू फुटत असतात. एका केळ्यात, मग ते सालदाटी असो वा अन्य जातीचे, सुमारे 15 बेकरेल असतात. किरणोत्सर्ग आहे की नाही याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. तो कोणाचा आणि किती, हे पाहावे लागते.

दगडातून पाण्यात उतरते कसे

सोलकढीसाठी आपण सोले पाण्यात भिजत घालतो. पाणी गार असेल आणि सोले पाच मिनिटांत काढली तर रंग फिका येतो. पाणी कोमट असेल, चिमूटभर मीठ पडले असेल आणि सोले तासभर भिजली असतील तर तीच सोले पाणी गडद लाल करतात. दगड आणि भूजल यांचे नातेही असेच आहे. दगडात युरेनियम किती आहे यावर सगळे ठरत नाही. पाणी त्या दगडाजवळ किती काळ राहिले आणि पाण्यात काय विरघळलेले आहे, यावर बरेच अवलंबून असते.

युरेनियमच्या बाबतीत मिठाचे काम दोन गोष्टी करतात. प्राणवायू नसलेल्या खोल पाण्यात युरेनियम जवळजवळ विरघळत नाही, मात्र प्राणवायूयुक्त पाणी पोहोचले की ते विरघळणाऱ्या रूपात जाते. शिवाय पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल तर ते युरेनियमला धरून ठेवते आणि पुन्हा दगडावर बसू देत नाही. पंजाबच्या माळवा भागात किंवा राजस्थानात युरेनियमची खाण जवळपास नसतानाही विहिरींत ते आढळते, त्याचे स्पष्टीकरण इथे आहे. राजस्थान आणि गुजरातमधील विहिरींवर ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खडकाचा प्रकार, बायकार्बोनेट, भूजलाचा अतिउपसा आणि खतांतून येणारे नायट्रेट ही कारणे एकत्र पाहिली गेली. पाण्याची पातळी खाली गेली की पूर्वी बुडालेला थर हवेच्या संपर्कात येतो. नायट्रेटही युरेनियमला विरघळण्यास मदत करते. मूळ युरेनियम निसर्गाचे असले तरी ते पाण्यात उतरण्याचा वेग माणसाने वाढवलेला असू शकतो.

रेडियमचा स्वभाव याच्या जवळजवळ उलट आहे. ते कॅल्शियमसारखे वागते, खारट, प्राणवायू नसलेल्या किंवा आम्लधर्मी पाण्यात सहज टिकते, आणि शरीरात गेले की कॅल्शियम समजून हाडात साठवले जाते. रेडॉन तर वायूच. कळशीतून हंड्यात पाणी ओतले तरी त्यातला बराच उडून जातो.

30 हा आकडा आणि मूत्रपिंड

भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, एक लिटर पाण्यात 30 मायक्रोग्रॅमपर्यंत युरेनियम चालते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली हीच तात्पुरती मर्यादा सुचवली. त्यापूर्वी तिचा आकडा 1998 साली 2 आणि 2004 साली 15 होता, तर आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सर्गाच्या निकषावर 60 हा आकडा ठरवला होता. हे आकडे पाहून लोक म्हणतात की शास्त्रज्ञांचेच एकमत नाही. खरे तर प्रत्येक आकड्यामागचा प्रश्न वेगळा आहे.

गणित करून पाहू. एक मायक्रोग्रॅम नैसर्गिक युरेनियम म्हणजे सुमारे 0.025 बेकरेल. लिटरला 30 मायक्रोग्रॅम असलेले पाणी रोज दोन लिटर याप्रमाणे वर्षभर प्यायले तर शरीराला मिळणारी किरणांची मात्रा सुमारे 0.03 मिलिसिव्हर्ट होते. मिलिसिव्हर्ट हे शरीरावर होणाऱ्या परिणामाचे माप आहे. जमीन, हवा, आकाश आणि अन्न यांतून जगातील सरासरी माणसाला दरवर्षी 2.4 मिलिसिव्हर्ट निसर्गतःच मिळतात. पाण्यातून आलेला वाटा त्याच्या ऐंशीव्या हिश्श्याएवढा. जागतिक आरोग्य संघटनेने युरेनियम-238 साठी केवळ किरणांचा विचार करून दिलेली पातळी लिटरला 10 बेकरेल आहे, म्हणजे वजनात सुमारे 800 मायक्रोग्रॅम. मग मर्यादा 30 का? कारण मूत्रपिंड किरणांच्या कितीतरी आधी तक्रार करते.

पोटात गेलेल्या शंभर भाग युरेनियमपैकी एक-दोन भागच रक्तात शिरतात, उरलेले शौचावाटे निघून जातात. रक्तात गेलेले बहुतांश मूत्रपिंडातून बाहेर पडते, आणि पडताना तेथील बारीक नलिकांच्या पेशींना इजा करू शकते. फिनलंडमध्ये घरोघरी ग्रॅनाइटात खोदलेल्या बोअरवेल आहेत. तिथल्या 325 लोकांची तपासणी करून 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाण्यातील युरेनियम वाढले तसे नलिकांच्या कामात सूक्ष्म फरक दिसले. मूत्रपिंड निकामी झालेले दिसले नाही. शिसे, पारा, कॅडमियम यांच्या पंगतीत युरेनियमला बसवले की हे समजायला सोपे जाते. ज्यांना आधीच मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, आणि जी लहान मुले वजनाच्या मानाने जास्त पाणी पितात, त्यांची काळजी अधिक.

रेडियमला मात्र हे लागू नाही. त्याच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली पातळी लिटरला 1 बेकरेल आहे, आणि 1 बेकरेल रेडियम-226 म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले 27. इतक्या कमी वजनाचा रासायनिक त्रास संभवत नाही. तिथे भीती हाडात बसून वर्षानुवर्षे फुटत राहणाऱ्या अणूंची आहे.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना एक गोष्ट फार गोंधळात टाकते. आयएस 10500 मध्ये ‘एकूण अल्फा’ नावाची चाचणीही आहे (अणू फुटताना बाहेर पडणाऱ्या कणांचा एक प्रकार म्हणजे अल्फा कण; पाण्यातले असे सगळे कण ती एकत्र मोजते) आणि तिची मर्यादा लिटरला 0.1 बेकरेल आहे. वरच्या हिशेबाने केवळ 4 मायक्रोग्रॅम युरेनियम असले तरी ही मर्यादा गाठली जाते. म्हणजे एकच पाणी युरेनियमच्या चाचणीत आरामात उत्तीर्ण आणि अल्फाच्या चाचणीत अनुत्तीर्ण होऊ शकते. अल्फा चाचणी ही चाळणी आहे. तिच्यात अडकलेल्या पाण्याची पुढची तपासणी करून अल्फा कण युरेनियमचे आहेत की रेडियमचे की पोलोनियमचे, हे शोधायचे असते.

युरेनियमच्या खाणीजवळ काय बदलते

झारखंडच्या पूर्व सिंहभूम जिल्ह्यातील जादुगोडा येथे 1951 साली युरेनियमचा साठा सापडला, 1967 साली युरेनियम कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि देशातील पहिली युरेनियम खाण तिथे चालू झाली. नंतर भाटिन, नरवापहाड, तुरामडीह अशा खाणी त्याच पट्ट्यात आल्या. या खनिजाची प्रत कमी आहे. टनभर दगडातून अर्ध्या किलोच्या आसपास युरेनियम मिळते. त्यासाठी दगड पिठासारखा दळतात, गंधकाम्लाने युरेनियम काढून घेतात आणि उरलेला गाळ चुन्याने उदासीन करून त्यातला बारीक भाग ‘टेलिंग पॉण्ड’ मध्ये सोडतात. हा शब्द गोव्यातील खाणपट्ट्याला नवा नाही, फक्त आपल्याकडच्या तलावात लोहखनिजाचा तांबडा गाळ असतो.

मूळ खनिजातला सुमारे 85 टक्के किरणोत्सर्ग या गाळात शिल्लक राहतो, ही यातली कळीची बाब आहे. कारखान्याने नेले ते युरेनियम. रेडियम आणि वंशावळीतली उरलेली मंडळी मागेच राहिली, आणि तीही घट्ट खडकात कोंडलेली नव्हे तर पिठाच्या रूपात, पाण्याच्या संपर्कात. सोले अख्खी भिजवण्याऐवजी कुटून भिजवली तर काय होईल, तसेच हे आहे. डिसेंबर 2006 मध्ये जादुगोड्याला गाळ वाहून नेणारी नळवाहिनी फुटून तो जवळच्या ओढ्यात गेला होता. अमेरिकेत नवाहो लोकांच्या प्रदेशात 1944 ते 1986 या काळात चाललेल्या पाचशेहून अधिक खाणी बेवारस सोडल्या गेल्या आणि तेथील कित्येक झऱ्यांचे पाणी आजही पिण्याजोगे नाही.

आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात तुम्मलपल्ले येथील कथा आणखी बोलकी आहे. तेथील युरेनियम चुनखडीच्या जातीच्या खडकात आहे. त्यावर आम्ल ओतले तर ते खडकच खाऊन टाकील, म्हणून तिथे सोड्यासारख्या अल्कधर्मी द्रावणाने युरेनियम काढतात. साहजिकच गाळाबरोबर कार्बोनेटही जाते, आणि कार्बोनेट युरेनियमला पाण्यात धरून ठेवते हे आपण पाहिलेच. आसपासच्या गावकऱ्यांनी बोअरवेलच्या पाण्याबद्दल आणि केळीच्या बागांबद्दल तक्रारी केल्या. कंपनीचे म्हणणे असे की तिथल्या खडकातच युरेनियम आहे, म्हणून ते पाण्यात आहे.

मग दोष निसर्गाचा की खाणीचा?

खाण तिथेच निघते जिथे युरेनियम आहे, तेव्हा खाणीपूर्वीही तिथल्या काही विहिरींत ते थोडेफार जास्त असणार, हा कंपन्यांचा युक्तिवाद शास्त्राला धरून आहे. त्याच विहिरींत खाणीनंतर ते वाढू शकते, हे गावकऱ्यांचे म्हणणेही तितकेच शास्त्राला धरून आहे. या दोघांत निवाडा करायचा तर खाणीपूर्वी, निदान वर्षभर, प्रत्येक ऋतूत घेतलेले आकडे हवेत, आणि ते खाणवाल्याखेरीज दुसऱ्या कोणाकडे तरी असायला हवेत.

डिचोली तालुक्यातील आमच्या वाड्यावर चिऱ्यांनी बांधलेली जुनी विहीर आहे. जवळच लोहखनिजाची खाण होती, तिचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला होता आणि तिथले पंप दिवसरात्र पाणी बाहेर फेकत असत. एका वर्षी शिगम्याच्या सुमारास कळशी पाण्याला टेकेना, म्हणून आईने राटाच्या दोराला दोन हातांचा जोड दिला. चार वर्षांनी पुन्हा तीन हातांचा. तक्रार केली तेव्हा खाणवाल्यांचे उत्तर ठरलेले असे: पाऊस कमी झाला. पाऊस कमी झाला नव्हता हे सगळ्या वाड्याला माहीत होते, पण विहिरीची पातळी पूर्वी किती होती याचा एकही कागद कोणापाशी नव्हता. दोराच्या त्या दोन गाठी पुरावा म्हणून कोणी मानल्या नसत्या. पातळी तरी डोळ्यांना दिसते. युरेनियमला रंग, वास, चव काहीच नाही. त्याची नोंद ठेवली नाही तर गाठीएवढीही खूण मागे उरत नाही.

गोव्यातल्या पाण्याचे काय

गोव्याचा बराच भाग जांभ्या दगडाने झाकलेला आहे, आणि जांभ्यातील लोहाची ऑक्साइडे युरेनियमला आपल्याकडे ओढून धरतात. वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे उथळ विहिरींतले पाणी दगडाजवळ फार काळ थांबत नाही. ते मऊ, थोडेसे आम्लधर्मी आणि बायकार्बोनेट कमी असलेले असते. थोडक्यात, गार पाण्यात पाच मिनिटे बुडवलेली सोले. पंजाबात युरेनियम पाण्यात उतरवणाऱ्या बहुतेक परिस्थिती इथल्या चिऱ्यांच्या विहिरींत नाहीत, आणि ओपा किंवा साळावलीहून नळाला येणारे पाणी तर नदी-धरणाचे आहे.

खोल बोअरवेलचा हिशेब मात्र वेगळा धरावा. काणकोणचा ग्रॅनाइट, केपे भागातील चंद्रनाथ टेकडीचा ग्रॅनाइट यांच्या भेगांत साठलेले पाणी बराच काळ दगडाजवळ राहिलेले असते. तिथे धोका आहे असे माझे म्हणणे नाही. कुळागराला पाणी मिळावे म्हणून खोदलेली बोअरवेल पुढे स्वयंपाकघराला जोडली जाते, तेव्हा एकदा तपासणी करून घ्यावी, इतकेच सांगतो. विहिरीच्या भरवशावर बोअरवेलचे पाणी पिऊ नये. दगड एकाच अंगणाखालचा असला तरी पाणी एक नसते.

कैगाचा प्रश्न पुष्कळजण विचारतात. नोव्हेंबर 2009 मध्ये तेथील कर्मचाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप, आढळले होते. ते अणुभट्टीतले ट्रिटियम कोणीतरी कूलरमध्ये मिसळलेले होते. दगडातून भूजलात उतरणाऱ्या युरेनियमशी त्याचा संबंध नाही.

उकळून चालेल का?

उकळल्याने रेडॉन निघून जातो. युरेनियम आणि रेडियम जात नाहीत, उलट वाफ गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किंचित वाढते. मेणबत्तीचा फिल्टर, तुरटी, अतिनील दिवा यांवर विसंबू नये. आरओ यंत्र युरेनियम आणि रेडियम दोन्ही मोठ्या प्रमाणात अडवते; मात्र पडदा जुना झाला की काम ढिले पडते, आणि अडवलेले सगळे टाकाऊ पाण्याच्या नळीतून बाहेर येते, हे लक्षात ठेवून ते पाणी पुन्हा पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी वापरू नये. तपासणीत काही निघालेच नसेल तर गोव्यातल्या मऊ पाण्याला आरओ लावून उरलीसुरली खनिजेही काढून टाकण्यात मला शहाणपण दिसत नाही.

नमुना घेताना

युरेनियमसाठी प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. बोअरवेल असेल तर पंप आधी काही मिनिटे चालू ठेवावा, म्हणजे नळीत साचलेले पाणी निघून जमिनीतले ताजे पाणी येते. प्रयोगशाळा त्या बाटलीत नत्राम्लाचे काही थेंब घालायला सांगते, कारण तसे केले नाही तर युरेनियम बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटते आणि आकडा खोटाच कमी येतो. रेडॉन मोजायचा असेल तर बाटली काचेची घ्यावी, पाण्याखाली धरून काठोकाठ भरावी आणि आत बुडबुडा न राहू देता झाकण लावून त्याच दिवशी पोहोचवावी. चार दिवस उशीर झाला तर निम्म्याहून अधिक रेडॉन वाटेतच संपलेला असतो.

प्रयोगशाळेला युरेनियम मायक्रोग्रॅममध्ये आणि एकूण अल्फा बेकरेलमध्ये, असे दोन्ही आकडे मागावेत. नमुना वर्षातून दोनदा घ्यावा, एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि एकदा नवरात्राच्या सुमारास. अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तारीख, विहीर की बोअरवेल, तिची खोली आणि त्या दिवशी काठापासून पाण्यापर्यंत भरलेले हात लिहून ठेवावेत, आणि त्या कागदाची एक प्रत पंचायतीत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.